मधला ठिपका

आमची नात प्रतिमा इथे बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते आणि कॉम्प्युटरवरचे खेळ खेळून त्यांच्यावर लिहिते. मोठ्या कंपन्यांचे खेळ नव्हेत हं! दोघातिघांनी घरच्या घरी बसून बनवलेले. खेळात गंमत कुठे आहे, तो कुठे फसलाय, बनवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं, हे सगळं ती उलगडून सांगते. लोक ते वाचतात. एवढंच नाही, तर तिला त्याचे पैसेही मिळतात! गेल्या रविवारी जेवताना मी दोन शब्द सुचवायला गेलो, तर म्हणाली, "आजोबा, तुम्हाला नाही कळायचं. हे क्षेत्रच नवीन आहे."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. नवीन? अगं, तुझी आई जन्माला यायच्या आधी याच बंगळूरात घरगुती खेळांचा पहिला, एकमेव आणि सगळ्यात खडूस समीक्षक होऊन गेला. तो म्हणजे मी, नंदकिशोर आपटीकर! पण हे बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात समोर ताक वाढणाऱ्या तिच्या आजीच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं हसू दिसलं. मी मुकाट्याने भात कालवला.

घरात बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

साठ सालानंतरची गोष्ट. मी पुण्याहून इंजिनियर होऊन बंगळूरला आलो आणि शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात लागलो. तेव्हाचं बंगळूर काय होतं म्हणून सांगू! माझ्या खोलीत पंखा नव्हता, कारण पंखा लागतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एप्रिलमध्ये पहाटे पांघरूण ओढून घ्यावं लागायचं. मल्लेश्वरमच्या रस्त्यांवर सकाळी कॉफी दळल्याचा वास, त्यात संपिगेच्या, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या फुलांचा वास, आणि त्या दोन्ही वासांतून वाट काढत येणारी आमची कारखान्याची बस. आता त्या रस्त्यावर गेलो की मी उगीच नाक वर करून बघतो. डिझेलच लागतं हाताला, म्हणजे नाकाला.

संध्याकाळी करायचं काय, हा तेव्हाचा मोठा प्रश्न. टीव्ही नव्हता. मग आम्ही सगळे मराठी मंडळात जमायचो आणि खेळायचो. पत्ते, कॅरम यांचा कंटाळा आला की लोक आपापले खेळ बनवून आणायचे. पुठ्ठ्याचे, काड्यापेट्यांचे, चिंचोक्यांचे, एकाने तर जुन्या छत्रीच्या काड्यांचा! मंडळाचं एक हस्तलिखित मासिक होतं. त्यात मी या खेळांची परीक्षणं लिहायचो, आणि लिहायचो म्हणजे अक्षरशः सोलायचो.

मी राहायचो भागुबाईंच्या खाणावळीच्या वरच्या खोलीत. भागुबाईंनी सापशिडीत सुधारणा करून 'सासर-माहेर' नावाचा खेळ बनवला होता. शिडी चढली की माहेर, साप चावला की सासर. मी लिहिलं, 'खेळात शिड्या फार आणि साप कमी, त्यामुळे तो जीवनाशी विसंगत वाटतो.' मासिक सोमवारी निघालं. मंगळवारपासून माझ्या वरणावरचं तूप बंद झालं ते दिवाळीपर्यंत! पण समीक्षकाने तुपाकडे बघून लिहायचं नसतं.

माझी काही तत्त्वं होती. खेळ बघण्याआधी त्याच्याबद्दल एक अक्षर ऐकायचं नाही. मी खेळत असताना बनवणाऱ्याने आसपास फिरकायचं नाही, कारण तो "अहो तसं नाही, असं" करत बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हरल्यावर पुन्हा खेळावंसं वाटलं तरच तो खेळ चांगला. जिंकल्यावर काय, कुणालाही पुन्हा खेळावंसं वाटतं!

आता कारखान्यात चला.

आमच्या चाचणी विभागात ऑसिलोस्कोप नावाचं यंत्र होतं. आम्ही त्याला नुसतं स्कोप म्हणायचो. मोठ्या रेडिओएवढं पेटाडं, तोंडाला बशीएवढी गोल काच, आणि त्या काचेवर विजेच्या लाटा दाखवणारा एक हिरवा उजेडाचा थेंब. दिवसभर तो थेंब बघून आमचे डोळे हिरवे व्हायचे. पण आमच्या विभागातल्या अहल्या निपाणीकरला त्या थेंबात चेंडू दिसला! तिने टाकून दिलेले व्हॉल्व्ह, उरलेल्या तारा, कुणाला नको असलेली बटणं असं भंगार गोळा केलं, हयवदन नावाच्या सहकाऱ्याला मदतीला घेतलं, आणि जेवणाच्या सुट्टीत बसून त्या स्कोपवर खेळ उभा केला. दोन खेळाडू, दोघांना एकेक फिरवायची मूठ आणि एकेक बटण, आणि काचेवर इकडून तिकडे उडणारा हिरवा चेंडू.

अहल्या निपाणीची. उंच, सावळी, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. तिला रचना विभागात जायचं होतं, जिथे नवीन यंत्रं कागदावर जन्माला येतात. पण तिथे सगळे पुरुष, आणि त्यांचं म्हणणं, बायकांनी चाचणीच करावी, त्यांची नजर बारीक असते. हा खेळ वार्षिक प्रदर्शनात मांडला गेला, तर मात्र तिला कुणी अडवू शकणार नव्हतं. आणि मला काय हवं होतं? मला अहल्या हवी होती! पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अहल्यालाही नाही.

आमचे विभागप्रमुख भीमाचार्य. धारवाडकडचे, कडक सोवळ्याचे, आणि हसण्याचा खर्च कधीही न करणारे. त्यांनी अहल्याला बोलावून सांगितलं, "सरकारी यंत्रावर खेळ करून बसलाय की तुम्ही! दसरा झाला की सर्किट मोडायचं, स्कोप स्टोअरला परत द्यायचा."

"सर, प्रदर्शनात ठेवू की," अहल्या म्हणाली.

"ह्याच्यात गुण काय आहे, ते सांगणारा कोणी जाणता आहे काय?"

सगळ्यांनी आपापल्या यंत्रात डोकं घातलं. आणि तेवढ्यात कुणाचा आवाज आला? माझा! "साहेब, मी खेळांचा समीक्षक आहे. माझं परीक्षण छापून... म्हणजे हाताने लिहून येतं."

भीमाचार्यांचा तज्ज्ञांवर फार विश्वास. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "बरं. दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी तुमचं मत वाचून दाखवा. चांगलं असलं, तर खेळ प्रदर्शनात. नसलं, तर स्टोअरात."

अहल्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी दोन दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होतो.

"चला, आत्ताच दाखवते तुम्हाला," ती म्हणाली.

"छे छे! आधी एक अक्षर ऐकायचं नाही, हे माझं तत्त्व आहे. मी आयुधपूजेच्या दिवशी येऊन एकटा खेळेन. तुम्ही तिथे फिरकायचं नाही."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे 'बरं'. "पण पूजेआधी या हं. सकाळीच."

पूजेआधी का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर एक अक्षर ऐकावं लागलं असतं ना!

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. पण बंगळूरच्या कारखान्यातली खंडेनवमी बघायला नशीब लागतं. त्या दिवशी फाटक सगळ्यांना उघडं. कामगार बायकापोरांना घेऊन यायचे, आणि "हे बघ माझं मशीन" म्हणून असं दाखवायचे, जसं काही थोरल्या मुलालाच भेटवतायत. दारांना केळीचे खुंट, यंत्रांना झेंडूचे हार, रांगोळ्या, कुंकू घातलेले कोहळे फटाफट फुटतायत, चुरमुरे आणि फुटाण्यांच्या पुड्या वाटल्या जातायत. आमच्या विभागातली पूजा आमचा शिपाई देवाप्पा करायचा. सूट घातलेल्या साहेबांपासून ड्रिलपर्यंत सगळ्यांना तो सारख्याच मायेने गंध-कुंकू लावायचा. आणि नियम असा, की एकदा पूजा झाली की यंत्र झोपलं. दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मागच्या वर्षी एकाने पूजेच्या लेथवर जेवणाचा डबा ठेवला होता, तर भीमाचार्यांनी त्याला वर्षभर रात्रपाळीला टाकलं होतं!

मी सकाळीच निघालो होतो. पण वाटेत चित्रान्नाची रांग लागली. मग दहीभाताची. मग कुणाच्या तरी सासूबाईंनी आग्रहाने होळिगे, म्हणजे पुरणपोळी वाढली. मी चाचणी खोलीशी पोचलो तेव्हा पूजा होऊन देवाप्पा पुढच्या विभागात गेलेला, आणि अहल्या बाहेर मैदानात पोरींना रांगोळी शिकवत बसलेली. म्हणजे माझ्या अटीप्रमाणे ती लांबच होती.

क्षणभर मी दारात थांबलो. पूजा झाली होती. पण मी काही तिथे काम करायला आलो नव्हतो, समीक्षा करायला आलो होतो. समीक्षेला कसला आलाय विटाळ? मी आत शिरलो आणि दार लावून घेतलं.

चाचणी खोलीत काचेवरचा थेंब नीट दिसावा म्हणून काळे पडदे असायचे. मी रणरणत्या उन्हातून आलेलो, डोळ्यांपुढे नुसता अंधार! चाचपडत स्कोपवरचा हार बाजूला केला, त्यावरचं पूजेचं लिंबू खिशात टाकलं, बटण दाबलं. हळूहळू काच हिरवी झाली. चेंडू उडाला. आणि मी थक्क झालो!

काचेच्या मधोमध एक काळा ठिपका होता. चार आण्याच्या नाण्याएवढा. चेंडू डावीकडून यायचा, ठिपक्यात शिरायचा आणि नाहीसा व्हायचा! आता तो वरून निघणार की खालून? जोरात की हळू? जीव टांगणीला! आणि मग दुसऱ्या बाजूने सर्रकन बाहेर! मी डाव्या हाताने एक मूठ धरली, उजव्याने दुसरी, आणि स्वतःशीच खेळायला लागलो. डावा हात जिंकला. पुन्हा खेळलो. पुन्हा डावाच जिंकला! माझा जन्मभराचा उजवा हात असा हरताना पाहून मला भरून आलं.

मुठी हाताला गार, ओलसर लागत होत्या. ही केवढी सूक्ष्म दृष्टी! खेळाडूला घाम फुटायच्या आधीच घाम! शेवटी त्या ठिपक्याच्या आत काय आहे ते बघावं म्हणून मी काचेला नाक लावलं. आणि काय सांगू? ठिपका किंचित पसरला! खेळ मला उत्तर देत होता!

परतीच्या बसमध्ये लोक माझ्या तोंडाकडे बघत होते आणि एकमेकांना कोपरं मारत होते. अहल्या पुढच्या बाकावर होती. तिनेही मागे वळून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, परीक्षणाची कीर्ती परीक्षणाच्या आधीच पोचली.

दसऱ्याचा अख्खा दिवस मी लिहीत होतो. भागुबाई सोनं द्यायला वर आल्या, तर मी त्यांना ओळखलंही नाही.

दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी सकाळी सगळा विभाग चाचणी खोलीत जमला. भीमाचार्य खुर्चीवर. अहल्या स्कोपशेजारी, नवीन इस्त्रीचं पातळ नेसून. आमच्यात निम्मे लोक बेळगाव-धारवाडकडचे, त्यामुळे मराठी समजायची. उरलेल्यांना हयवदन हळूच कन्नडमध्ये सांगत होता. मी घसा साफ केला.

"'हा खेळ सरळ असता तर पोरखेळ झाला असता,'" मी वाचलं. "'परंतु निर्मातीने मैदानाच्या बरोबर मध्यावर अंधार ठेवला आहे. चेंडू त्या काळ्या ठिपक्यात शिरतो आणि क्षणभर खेळाडू पोरका होतो...'"

"ठिपका?" अहल्या म्हणाली. "कुठला ठिपका?"

"निर्मात्याने मधे बोलू नये! 'हा ठिपका रेखीव गोल नाही. एका बाजूला जरा ओघळलेला आहे. अंधार कधी रेखीव असतो काय? खेळाडू जवळ आला की ठिपका मोठा होतो. मुठी आधी ओलसर आणि मग चिकट होतात. जणू जिंकणाऱ्याला खेळ सोडवत नाही. हा ठिपका म्हणजे या खेळाचा प्राण होय. तो नसता, तर उरलं असतं काय? नुसती टोलवाटोलवी!'"

"आपटीकर, पण मी ठिपका..."

"कलावंताला स्वतःची खोली स्वतःला कळत नसते, निपाणीकर!"

भीमाचार्यांनी डोळे मिटून ऐकलं होतं. डोळे उघडून ते म्हणाले, "मोठं बोललात. प्राण म्हणालात. दाखवा तो ठिपका."

हयवदनने बटण दाबलं. काच हिरवी झाली. चेंडू डावीकडून निघाला, सरळ मधून गेला आणि उजवीकडे पोचला. ठिपका नव्हता! स्वच्छ, चकचकीत, लख्ख काच! मी चष्मा पुसला. मग काच पुसली. चेंडू आपला बापडा इकडून तिकडे.

आणि तेव्हा मी ते वाक्य बोललो. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. मी ओरडलो, "हा तो खेळच नव्हे!"

"म्हणजे बिघडलाय म्हणा की," भीमाचार्य उठलेच. "एक दिवसात प्राण गेला. असली वस्तू प्रदर्शनात ठेवून कारखान्याची शोभा करायची काय? जेवणाच्या भोंग्यापर्यंत ठिपका आला तर ठीक. नाहीतर सर्किट मोडा, स्कोप स्टोअरात."

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका! हयवदनने मागचं झाकण उघडलं. "अय्यो, बहुतेक ट्यूबला डाग पडला होता," तो म्हणाला. "पण पडलेला डाग जातो कसा?" तो एक तार हलवायचा, मी समोरून ओरडायचो, "नाही! अजून काळं! जरा डावीकडे ओघळू द्या!" त्याने दुसरी तार हलवली. फट् असा आवाज झाला, थोडा धूर आला, आणि चेंडू हिवताप आल्यासारखा जागच्या जागी थडथडायला लागला. आता ठिपका तर नव्हताच, खेळही गेला!

अहल्याने मला बाजूला केलं आणि सोल्डरिंगची कांडी घेऊन खाली बसली. आधी तिने जळलेली तार काढली. मग मान वर न करता म्हणाली, "काय हो आपटीकर. 'खेळ बरा आहे' एवढे तीन शब्द लिहिले असते तर काय बिघडलं असतं तुमचं? तीन महिने जेवणाची सुट्टी नाही पाहिली मी. तुमच्या ठिपक्यानं माझं वाटोळं केलं बघा."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. निपाणीच्या अहल्याच्या डोळ्यांत! ज्या मुलीसाठी मी पानंच्या पानं लिहिली, तिलाच मी रडवलं. मला इतकं वाईट वाटलं, की खिडकीतून उडी मारावीशी वाटली. पण खोली तळमजल्यावर होती.

मी शेजारी उकिडवा बसलो. "निपाणीकर, शपथेवर सांगतो, ठिपका होता. मी नाक लावून पाहिलाय."

तिचा हात थांबला. तिने हळूच मान वर केली. आधी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. मग माझ्या नाकाकडे.

"आयुधपूजेला बसमध्ये तुमच्या नाकाला कुंकू होतं," ती म्हणाली.

"नाकाला?"

"शेंड्याला. मला वाटलं, पुण्याकडं नाकाला लावत असतील."

"पुण्याकडे नाकाला कशाला लावतील?"

"तेच म्हणते मी!" मग आवाज एकदम खाली आणून तिने विचारलं, "तुम्ही पूजेआधी खेळलात ना? सांगितलं होतं मी."

मी नकारार्थी मान हलवली. आणि माझ्याही डोक्यात उजेड पडला. देवाप्पाने कुंकू लावलेलं. मागे हिरवा उजेड, पुढे कुंकू, म्हणजे दिसणार काळंच! ओलसर मुठी म्हणजे गंध! आणि दसऱ्याला सकाळी पूजा उठवून त्याने ओल्या फडक्याने काच पुसली. माझ्या खेळाचा प्राण देवाप्पाच्या फडक्यात गेला होता!

अहल्याला सगळं कळलं होतं. ती तिथल्या तिथे ओरडून सांगू शकली असती, आणि तिचा खेळ सुटला असता. पण दारात भीमाचार्य उभे होते. पूजेनंतर यंत्र चालू करणाऱ्याचं ते काय करतील, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती फक्त "सरी" म्हणाली, आणि पुन्हा खाली मान घालून तारा जोडायला लागली.

आता तुम्हीच सांगा, त्यानंतर गप्प बसणं शक्य होतं काय?

मी उठलो. "साहेब, तो ठिपका कुंकवाचा होता. मी पूजा झाल्यावर स्कोप चालू केला."

हयवदनने कन्नडमध्ये सांगायचं सोडून तोंडावर हात ठेवला.

"पूजा झाल्यावर?" भीमाचार्य म्हणाले.

"हो साहेब."

"आणि नाक लावलंत?"

"हो साहेब."

"देवाप्पा!" ते गरजले. देवाप्पा चुरमुरे खातखात आला. "कुंकू कुठं लावलं होतंस रे यंत्राला?"

"कपाळाला, सर."

"यंत्राला कपाळ असतंय काय?"

देवाप्पाने काचेकडे बोट दाखवलं. "हे बघा की. एवढं मोठं गोल, पुढं. मग कुठं लावू? पोटाला?"

भीमाचार्यांनी काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा काचेकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची नस फुगली. मला डोळ्यांपुढे रात्रपाळी दिसायला लागली. एका वर्षाची नव्हे, पेन्शनपर्यंतची! आणि मग ते म्हणाले, "लाव परत. जिथं होतं तिथंच."

देवाप्पाने कुंकवाची कोयरी आणली आणि काचेवर बोट टेकवलं. तेवढ्यात अहल्याने शेवटची तार जोडली. पडदे ओढले. काच हिरवी झाली आणि मधोमध माझा काळाभोर, एका बाजूला ओघळलेला ठिपका उगवला! खरं सांगतो, जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं.

भीमाचार्य खुर्ची ओढून बसले. एक मूठ त्यांच्या हातात, दुसरी हयवदनच्या. चेंडू निघाला आणि ठिपक्यात शिरला.

"कुठं गेला री?" भीमाचार्य म्हणाले. चेंडू खालून सटकला. ते हरले.

"परत," ते म्हणाले.

परत हरले. "परत!" बाह्या वर गेल्या. "अरे, ह्यो वरून येतोय की! आला, आला... गेला!" आणि मग आम्ही एक आवाज ऐकला, जो त्या विभागात आधी कुणीच ऐकला नव्हता. भीमाचार्य हसत होते! जेवणाचा भोंगा झाला, तरी कुणी जागचं हललं नाही. अंधारात हिरव्या उजेडाने उजळलेले सगळ्यांचे चेहरे, झेंडूचा शिळा वास, आणि मधे शेंडी उडवत खेळणारे भीमाचार्य. कितीतरी वर्षं झाली, पण ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

शेवटी ते उठले, उपरणं सारखं केलं, आणि पुन्हा पहिल्यासारखे कडक झाले. "खेळ प्रदर्शनात जाईल. ठिपक्यासकट. निपाणीकर, तुम्ही पुढच्या महिन्यापासून रचना विभागात. मी बोलतो त्यांच्याशी." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही, आपटीकर. उद्या सकाळी पदरचा एक मोठा कोहळा आणायचा, स्कोपवरून ओवाळायचा, फाटकात फोडायचा. रात्रपाळीचं मागाहून बघू."

दुसऱ्या दिवशी मांडीवर दहा शेरांचा कोहळा घेऊन मी बसमध्ये बसलो होतो. शेजारी कुणी बसेना. मल्लेश्वरमपासून कारखान्यापर्यंत मी त्याला लेकरासारखं धरून होतो, आणि पुढच्या बाकावरून अहल्या मागे वळूनवळून बघत होती. या वेळी मात्र पदर तोंडाला न लावता हसत होती.

प्रदर्शनात खेळापुढे ही झुंबड! शेजारी सुंदर अक्षरात एक पाटी होती. 'रचना: अहल्या निपाणीकर. जुळणी: हयवदन. ठिपका: देवाप्पा.' समीक्षकाचं नाव मी पाटीच्या मागच्या बाजूलाही शोधलं. नव्हतं.

त्याच गर्दीत मी अहल्याला लग्नाचं विचारलं. काय काय बोलायचं ते पाठ करून आलो होतो, पण तिने हात वर केला. "आधी एक अक्षर ऐकायचं नाही मला. आणि मी विचार करत असताना तुम्ही आसपास फिरकायचं नाही. जा, बाहेर उभे राहा." मी बाहेर झाडाखाली उभा राहिलो. बराच वेळ राहिलो. शेवटी ती आली आणि म्हणाली, "खेळ बरा आहे."

तीनच शब्द! उत्तम परीक्षण कसं असावं, ते मला त्या दिवशी कळलं.

परवा हे सगळं लिहून काढलं, आणि प्रतिमाला पाठवण्याआधी तिच्या आजीच्या हातात दिलं. तिने चष्मा लावला आणि दाराकडे बोट केलं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. लिहिणाऱ्याने आसपास फिरकायचं नसतं! आतून मधेच एकदा हसल्याचा आवाज आला. शेवटी तिने हाक मारली. मी आत गेलो.

"लांबलंय," अहल्या म्हणाली. "मधला ठिपका तेवढा बरा आहे. बाकीचं ओल्या फडक्यानं पुसून काढा."

मी पुन्हा लिहायला बसलो. तुम्ही आत्ता वाचलंत, ते पुसून झाल्यावरचं आहे.